ठरलेले प्रश्न

पलटणीत सुभेदारांना पाठीमागे 'गाळणी' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शिपायांकडून कमांडरसाहेबांकडे जे काही जायचं ते सुभेदारांमधून गाळून जायचं. रजेची मागणी असो, खोलीतलं भांडण असो, नाहीतर कुणाच्या भावाचं लग्न असो, चोथा खाली राहायचा आणि वर पिण्याजोगं तेवढंच पोचायचं. भरतीच्या रांगेतला पोरगा ते पलटणीतला सगळ्यांत ज्येष्ठ शिपाई, हा त्यांचा सगळा प्रवास या एका कलेवर झाला होता. आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना त्याच कलेने त्यांना तोंडघशी पाडलं.

त्यांच्या घरी शिवणकाम चालायचं. वडील बेतायचे, आई काजं करायची. थोरल्याने दुकान धरलं, धाकटा अभ्यासात हुशार निघाला, आणि मधल्याचं काय करायचं हा प्रश्न मधल्याने स्वतःच सोडवला. उठला आणि भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. छाती बसली, उंची बसली, पळण्यात तर तो पहिला आला. आईने दारातून विचारलं, "तिथे तुझं कोण ऐकणार रे?" तो म्हणाला, "तिथे ऐकायचं असतं, आई." त्याला वाटलं आपण मोठा विनोद केला.

पलटणीची दर महिन्याला सभा भरते. परेडच्या मोठ्या शेडमध्ये सगळे जवान खाली बसतात, समोर खुर्चीवर कमांडरसाहेब, आणि साहेबांच्या डाव्या खांद्यामागे सुभेदार उभा. साहेब चार गोष्टी सांगतात आणि शेवटी विचारतात, "कुणाला काही सांगायचंय?" हा प्रश्न विचारायचाच असा नियम आहे. अगदी काल भरती झालेला पोरगासुद्धा हात वर करून थेट बोलू शकतो.

शिवणाऱ्याचा मधला मुलगा त्या वेळी कालचाच होता. त्याने नियम खरा मानला. उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, बूट एक नंबर मोठे मिळतात. पायाला फोड येतात." तेव्हाचे कमांडर हसले, "बघतो" म्हणाले. शेडमध्ये मात्र कुणी हसलं नाही. सगळे खुर्चीच्या मागे बघत होते, तिथे तेव्हाचा सुभेदार उभा होता. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे.

सभा संपल्यावर उस्तादने त्याला बाजूला घेतलं.

"बूट मोठे होते?"

"होय, उस्ताद."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"साहेबांनी विचारलं म्हणून..."

"पाहुणा निघाला की आपण म्हणतो ना, बसा अजून थोडा वेळ? मग तो बसतो का?"

पुढचे काही दिवस अख्ख्या कंपनीच्या बुटांना पॉलिश करण्याचं काम त्या पोराकडे आलं. बोटांच्या पेरांत काळं इतकं मुरलं की हात धुऊनही जाईना. पण त्याच आठवड्यात त्याच्या खाटेखाली बरोब्बर मापाचे बूट येऊन पडले. कुणी ठेवले ते न सांगताच कळलं. मार आणि मलम एकाच हातातून आले, आणि पोराच्या मनात एक गोष्ट कायमची पक्की झाली. वर बोलून फोड बरे होत नाहीत, मधल्या माणसाला सांगून होतात.

तो स्वतः मधला माणूस व्हायला निघाला तेव्हा त्याने उस्तादच्या पद्धतीतून फक्त मार काढून टाकला. नाईक झाला, हवालदार झाला, कवायतीचा मास्तर झाला. पाय आपटण्याच्या आवाजावरून कुणाच्या गुडघ्यात दुखतंय ते ओळखायचा आणि त्याला गुपचूप हलकं काम द्यायचा. सुभेदार झाल्यावर तर कुणाच्या वडिलांना इस्पितळात न्यायचं असेल, कुणाची बायको रुसून माहेरी गेली असेल, कुणाचं दोन खोल्या सोडून पलीकडच्याशी जमत नसेल, सगळं सुभेदारांपर्यंत यायचं आणि तिथेच मिटायचं. शिव्या देत, खांद्यावर हात टाकत, कधी स्वतःच्या खिशातून चहा पाजत ते मिटवायचे. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. कुणाला साहेबांपर्यंत जायची गरजच उरली नाही. उस्तादच्या काळात पोरं भीतीने गप्प बसायची. सुभेदारांच्या काळात ती सवयीने गप्प बसायला लागली, आणि भीतीपेक्षा सवय जास्त टिकते.

सभेचं काय, तर सभेच्या आदल्या दिवशी शेडमध्ये रंगीत तालीम व्हायची. साहेबांनी विचारल्यावर अगदीच कुणी हात वर केला नाही तर बरं दिसत नाही, म्हणून तीन प्रश्न ठरवले जायचे. न्हाणीघरातला गिझर, व्हॉलीबॉलची फाटलेली जाळी, केस कापणारा आठवड्यातून दोनदा यावा. तिन्ही असे, की उत्तर आधीच तयार. साहेब म्हणायचे, "झालंच म्हणून समजा," टाळ्या पडायच्या, आणि लगेच चहा. पाच कमांडर आले आणि गेले, पाचही जण जाताना म्हणाले, "या पलटणीत तक्रार नावालाही नाही." ते ऐकताना सुभेदारांची छाती भरतीच्या दिवशी होती त्याहून इंचभर फुगायची.

सहावे कमांडर तरुण होते. इंजिनियर होते, मनाने चांगले होते, आणि हीच पंचाईत होती. वाईट माणसाशी कसं वागायचं ते सुभेदारांना माहीत होतं. हे साहेब सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि मग आकडे दाखवायचे.

एके सकाळी त्यांनी भिंतीवर नकाशा टाकला. नेमबाजीच्या सरावासाठी नवीन यंत्रं येणार होती. पडद्यावर शत्रू दिसणार, बंदुकीतून गोळीच्या जागी प्रकाश सुटणार, आणि नेम किती चुकला ते संगणक सांगणार. त्यासाठी मोठा हॉल हवा, जमीन पक्की हवी, जाड केबल ओढायला ट्रान्सफॉर्मर जवळ हवा. हे तिन्ही जुळणारी जागा छावणीत एकच होती, फॅमिली लाइन. एकमेकींकडे तोंड करून उभ्या असलेल्या बैठ्या घरांच्या दोन रांगा, मध्ये सामाईक अंगण, टोकाला पाण्याची टाकी. लग्न झालेल्या जवानांची कुटुंबं तिथे राहायची. सुभेदारही तिथलेच, पहिलं घर त्यांचं.

"कुटुंबांना शहरात घरं भाड्याने देऊ," साहेब म्हणाले. "इथल्यापेक्षा मोठी. शिवाय पलटण लवकरच बाहेर जातेय, इथे कुणाला करमणार? हीच योग्य वेळ."

नेमकी तीच तर चुकीची वेळ होती. पलटण लांबच्या तैनातीवर जायची तेव्हा महिनोन्‌महिने लाइनीत एकही पुरुष नसायचा. तेव्हा ती घरं जगायची ती एकमेकींवर. एकीचं मूल तापलं की दुसरी बसायची. कुणाचं दार सकाळी उशिरापर्यंत उघडलं नाही की तिसरी कडी वाजवायची. लांब गेलेल्या शिपायाला रात्री झोप यायची ती या कडीच्या भरवशावर. तीच माणसं शहरात वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली तर घरं मोठी मिळतील, पण कडी कोण वाजवणार?

सुभेदारांनी हे साहेबांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सुभेदारसाहेब, मी दर सभेत विचारतो, कुणाला काही सांगायचंय का. इथे आल्यापासून मी गिझरबद्दल ऐकलं, जाळीबद्दल ऐकलं. लाइनीबद्दल एक हात वर आला नाही. जवानांना जाळीची काळजी आहे आणि घराची नाही, असं कसं?"

याला उत्तर होतं, पण ते देता येण्याजोगं नव्हतं. साहेब, ती जाळी मीच फाडली होती, असं कसं सांगणार?

"येत्या सभेत कुणी बोललं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी नकाशा पुन्हा बघेन. शब्द देतो. पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

सुभेदार बाहेर आले ते जवळजवळ पळत. एवढंच? पोरांनी बोलायचं, बस. लाइनीत प्रत्येक घरात यावरून धुसफूस चालली होती, पोरांचे चेहरे उतरले होते. तोंड उघडायचा अवकाश होता.

त्यांनी पहिला गाठला तो पाना. गाड्यांच्या वर्कशॉपमधला हवालदार, ज्याच्या खिशात कायम एखादा पाना असायचा म्हणून त्याला सगळे तसंच म्हणायचे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, बायकोला दिवस गेलेले. बोलायला याच्याइतकं कारण कुणाकडे नव्हतं. तो ट्रकखाली झोपून गिअरबॉक्सचं तेल काढत होता.

"पाना, सभेत लाइनीबद्दल बोलायचंय."

ट्रकखालून आवाज आला, "कुणी?"

"तू."

मग पाना सरकत बाहेर आला. "साहेब, माझं काही चुकलं का?"

"अरे, चुकलं कसलं? बोल म्हणतोय मी."

"हां, हां. तुम्ही म्हणताय तर बोलू की. काय बोलायचं ते सांगा फक्त."

"तुला काय वाटतं ते!"

पानाने हात पुसले. चेहऱ्यावर अगदी शहाणा भाव आणला. "साहेब, मला तसं काहीच वाटत नाही."

सुभेदारांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढे ते खोलीखोलीतून हिंडले, गाड्यांच्या शेडमध्ये गेले, मैदानावर गेले. सगळीकडे तेच. कुणाला वाटलं सुभेदार परीक्षा घेतायत, कोण कुरकुरतं ते शोधतायत. कुणी म्हणालं, "तुम्ही आहात ना, साहेब, तुम्ही बघालच." एकाने तर छाती काढून सांगितलं, "आपल्या पलटणीत तक्रार नसते, साहेब!" आणि हे आपण शिकवलेलं वाक्य किती छान म्हटलं म्हणून शाबासकीची वाट बघत उभा राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावा घ्यायचा तरी कुणाचा?

घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे आपला संताप मोकळा केला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यांच्या घरच्या शिलाई मशिनवर आता तीच बसायची, लाइनीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश तिने शिवलेले.

"मेंढरं झालीयेत सगळी!"

"मेंढपाळ कोण?" ती चिमटे लावत म्हणाली.

"तू पण सुरू कर आता."

"मी कुठे सुरू करतेय? मी विचारलं. अहो, तुम्हीच त्यांना घोटवून घोटवून बोलायला शिकवलंत. आता म्हणता पाठ न करता बोला. एवढ्यात येईल का त्यांना?"

ती म्हणाली एक आणि यांनी ऐकलं भलतंच. घोटवून घोटवून! बरोबर आहे, न घोटवता पोरं बोलणार नाहीत. मग घोटवायचं.

सभेच्या आदल्या दिवशी शेडमध्ये तालीम लागली. तीन जण निवडले, पाना, सिग्नलचा एक नाईक, आणि मेसमधला मुख्य स्वयंपाकी.

"साहेब, अडचण म्हणू की गैरसोय?" पानाने विचारलं.

"तुझ्या भाषेत बोल."

"माझ्या भाषेत निम्म्या शिव्या आहेत."

"मग अडचण म्हण."

"साहेब, मी कुठे बघू? तुमच्याकडे की त्यांच्याकडे?" स्वयंपाक्याने विचारलं.

"त्यांच्याकडे! प्रश्न त्यांना विचारतोयस ना?"

"नाही, जाळीच्या वेळी मी तुमच्याकडेच बघितलं होतं, आणि काही बिघडलं नव्हतं."

दुपार उतरेपर्यंत वाक्यं बसली. "साहेब, पलटण बाहेर गेल्यावर कुटुंबं एकमेकांच्या आधाराने राहतात. म्हणून लाइन रिकामी करू नये, ही नम्र विनंती." पहिल्याने आधाराबद्दल बोलायचं, दुसऱ्याने शाळेबद्दल, तिसऱ्याने आजारी माणसांबद्दल. सुभेदारांना उत्साहात हे लक्षातच आलं नाही की बसलेलं वाक्य आणि वाटलेलं वाक्य यांचा आवाज वेगळा येतो. तो फरक त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, कारण वाटलेलं वाक्य त्यांनी त्या शेडमध्ये एकदाच ऐकलं होतं आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

सभा भरली. साहेबांनी तैनातीची माहिती दिली आणि शेवटी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

सिग्नलचा नाईक स्प्रिंग सुटावी तसा उठला. आधाराचं वाक्य एका दमात, एकही अक्षर न सांडता म्हणून तो बसला. साहेबांनी मान डोलवली, वहीत काहीतरी टिपलं. सुभेदारांचा जीव भांड्यात पडला.

मग स्वयंपाकी उठला. त्याचं शाळेचं वाक्य होतं, पण उठल्यावर ते कुठे गेलं कुणास ठाऊक. त्याने जे वाक्य ताजं कानात होतं तेच धरलं. "साहेब, पलटण बाहेर गेल्यावर कुटुंबं एकमेकांच्या आधाराने..." मागच्या रांगेतून खुसफूस झाली. नम्र विनंतीपर्यंत तो पोचला तेव्हा पुढची रांगसुद्धा ओठ दाबून बसली होती. साहेबांचं पेन थांबलं.

तिसरा पाना. तो उभा राहिला, पण साहेबांनी त्याला वाक्य म्हणूच दिलं नाही. ते पुढे झुकून अगदी मायेने म्हणाले, "हवालदार, विनंती राहू द्या. तुम्ही लाइनीत राहता ना? मला फक्त एवढं सांगा, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

साधा प्रश्न होता. पाना आईचं नाव घेऊ शकला असता, बायकोचं घेऊ शकला असता. पण हा प्रश्न ठरलेला नव्हता. पानाची नजर साहेबांच्या डाव्या खांद्यावरून वर गेली, मागे उभ्या असलेल्या सुभेदारांवर जाऊन थांबली. उत्तरासाठी.

आपल्या घरी कोण कोण असतं, हे तो सुभेदारांना विचारत होता.

त्याच्याबरोबर अख्ख्या शेडने तिकडे बघितलं. साहेबांनी सगळ्यांच्या नजरेचा माग काढत मान वळवली, आणि त्यांनीही बघितलं. सुभेदार सावधान उभे होते. हलायची परवानगी नसलेल्या माणसाला घाम मात्र फुटू शकतो.

"साहेब," खुर्चीच्या मागून ते म्हणाले, "मी सांगतो."

शेडच्या आठवणीत सुभेदार त्या जागेवरून कधी बोलला नव्हता.

"तुम्ही केबिनमध्ये या," साहेब हळू म्हणाले. आणि मोठ्याने, "चहा घ्या सगळ्यांनी."

केबिनमध्ये सुभेदार काहीतरी ऐकून घ्यायच्या तयारीने गेले होते. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

"मला आधीच कळायला हवं होतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं नोकरी, निवृत्ती तोंडावर, आणि या वेळी घर हलवायचं. तुम्ही स्वतःसाठी मागणार नाही, म्हणून पोरांना पुढे केलंत. बरोबर ना?"

"नाही साहेब. माझ्यासाठी नाही..."

"मला समजतं."

"साहेब, पोरांना खरंच..."

"सुभेदारसाहेब." साहेबांनी हात वर केला. "पहिलं घर हॉलच्या आराखड्याबाहेर ठेवता येतं, मी मोजून बघितलं. भिंत थोडी अलीकडे घेऊ. तुम्ही निवृत्तीपर्यंत तिथेच राहा. याची कुणाकडे वाच्यता करू नका, मीही करणार नाही."

जितकं नाही म्हणावं तितके ते साहेबांना अधिक निःस्वार्थी दिसू लागले. शेवटी सुभेदार सलाम ठोकून बाहेर पडले. कुणाला काही समजावता न येण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती, आणि त्याबद्दल समोरचा माणूस त्यांना शाबासकी देत होता.

पलटणीत वाच्यता करावी लागत नाही. नकाशात भिंत सरकली की ड्राफ्ट्समनला दिसते, त्याला दिसलं की कारकुनाला कळतं, आणि कारकुनाला कळलं की पाण्याच्या टाकीलासुद्धा कळतं. दुसऱ्या दिवशी सुभेदारांना मिळालेले सलाम नेहमीपेक्षा कडक होते. टाच वाजत होती, कोपर काटकोनात होतं. ज्याने उभा जन्म कवायत शिकवली त्याला हे कळत होतं, की माणूस मनातून जितका लांब जातो तितका त्याचा सलाम सुधारतो.

ते तडक वर्कशॉपमध्ये गेले.

"पाना, ऐक. माझ्या घराचं जे कळलंय ते..."

"अभिनंदन, साहेब."

"मी मागितलं नव्हतं!"

"मी कुठे काय म्हणालो?" पाना इंजिनात डोकं घालून म्हणाला. "आमच्याकडून पाठ करून घेतलंत, आम्ही म्हटलं. काम झालं तुमचं. चांगलं झालं."

"काल विचारलं तेव्हा का नाही तोंड उघडलंस? घरी कोण आहे एवढंच विचारलं होतं रे त्यांनी!"

पानाने डोकं बाहेर काढलं. "त्याचं उत्तर तुम्ही दिलं नव्हतं," तो म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटलं असावं, कारण बाहेर काढलेलं डोकं त्याने लगेच पुन्हा इंजिनात घातलं.

घरी बायको मशिनवर बसली होती. मशिन थांबलेलं होतं.

"खरं आहे?" तिने विचारलं.

"खरं आहे, पण..."

"म्हणजे मी एकटी राहायचं इथे. बाजूला बंदुकांचा सिनेमा चालणार, आणि मी एकटी अंगणात कपडे वाळत घालणार. हडळीसारखी."

"मी उद्या लेखी नकार देतो."

"द्या. म्हणजे मग आपणही गेलो. त्याने बाकीच्यांचं काय भलं होणार? पानाच्या आईची खाट कोण उचलणार शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर?"

"मग मी काय करू, तूच सांग! तीनदा गेलो, पोरांना उभं केलं, दगडावर डोकं आपटून झालं. माझे हात टेकले."

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "तुम्ही करता तेव्हाच घोळ होतो."

हे तिने रागाने म्हटलं नाही. चष्मा काढून ठेवता ठेवता म्हटलं, आणि उठून बाहेर गेली. मग बराच वेळ सुभेदारांना अंगणातून बायकांचे आवाज येत राहिले. काय बोलत होत्या ते कळत नव्हतं, कारण सगळ्या एकदम बोलत होत्या.

कमांडरसाहेबांच्या ऑफिसबाहेर एक लांब व्हरांडा आहे. साहेबांना भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तिथे सुभेदारांपुढे उभा राहतो. सुभेदार विचारतात, "काय काम?" मग टोपी सरळ करायला लावतात, कुठे थांबायचं ते सांगतात, काय बोलायचं आणि त्याहून महत्त्वाचं, काय बोलायचं नाही ते सांगतात. मगच दार उघडतं. या नियमाला अपवाद नव्हता.

त्या सकाळी व्हरांड्याच्या टोकाला चपलांचा आवाज आला. कवायतीचा नव्हे, प्रत्येक पाय वेगळा पडत होता. फॅमिली लाइनीतल्या बायका येत होत्या. कडेवर पोरं, एकीच्या हातात अजून कुकरचं झाकण, बहुधा ठेवायचं विसरलेली. पानाची बायको कमरेवर हात देऊन सावकाश चालत होती. आणि सगळ्यांच्या पुढे सुभेदारांची स्वतःची बायको.

पहाऱ्यावरचा शिपाई गोंधळून सुभेदारांकडे बघू लागला. "साहेब, काकू..."

"दिसतंय मला."

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, बाकीच्यांसारखीच, भेटायला आलेल्या माणसाने उभं राहावं तिथे.

"काय काम?" सुभेदारांच्या तोंडून आपोआप गेलं.

"साहेबांना भेटायचंय."

"कशाबद्दल?"

"ते आत सांगू."

"असं नाही चालत. आधी इथे सांगावं लागतं. कोण बोलणार आहे तुमच्यापैकी?"

"जिला बोलावंसं वाटेल ती."

"अगं, निदान क्रम तरी ठरवा! सगळ्या एकदम बोलाल तर त्यांना काय समजणार? आणि ते झाकण कशाला आणलंय?" त्यांचा आवाज चढला. "शाळेचा मुद्दा पहिला घ्या. आजारी माणसांचा मग. आणि कडीचं सांगाल तेव्हा..."

"अहो," ती म्हणाली. तिने आवाज वाढवला नाही, उलट फक्त त्यांना ऐकू जाईल इतकाच ठेवला. "सरका."

मागे पानाची बायको भिंतीला टेकली होती. तिला उभं राहवत नव्हतं. सुभेदारांनी एकवार तिच्याकडे बघितलं, मग त्या सगळ्या वेड्यावाकड्या रांगेकडे, जिच्यातली एकही सरळ उभी नव्हती. त्यांच्या जिभेवर अजून निदान सहा सूचना होत्या. त्या गिळताना त्यांना प्रत्येक वेगळी जाणवली.

त्यांनी वळून दार वाजवलं, उघडलं. "साहेब, फॅमिली लाइनीतून भेटायला आल्यात."

"कशासाठी?" आतून आवाज आला.

"माहीत नाही, साहेब," सुभेदार म्हणाले.

बायका आत गेल्या. दार त्यांच्या बायकोनेच मागून लावून घेतलं.

सुभेदार व्हरांड्यात उभे राहिले. आत एक आवाज चढला, मग दुसरा, मग मूल रडलं, मग कुणीतरी हसलं. पहाऱ्यावरचा शिपाई समोर नजर लावून उभा होता, पण त्याचे कान दाराला चिकटलेले होते. सुभेदारांनी त्याला दटावलं, आणि स्वतः एक पाऊल दाराजवळ सरकले. तरी काही कळेना. लाकूड जाड होतं.

निर्णय झाला तो अर्धामुर्धा. शाळेचं वर्ष संपेपर्यंत आणि पलटण तैनातीवरून परत येईपर्यंत मागची रांग तशीच राहणार. आजारी माणसं आणि लहान पोरं असलेली कुटुंबं तिथे. पुढची रांग रिकामी करून हॉल छोटा करायचा, एका यंत्राला पुढच्या वर्षापर्यंत थांबायला लावायचं. पहिलं घरही पुढच्याच रांगेत होतं आणि आता भिंत अलीकडे घ्यायला जागा उरली नव्हती, त्यामुळे सुभेदारांचं बिऱ्हाड हलणार होतं. जी कुटुंबं शहरात गेली त्यांनी तोंडं वाकडी केली, जी राहिली त्यांना वाटलं की आपण जरा जास्त मागायला हवं होतं. साहेब सुभेदारांना भेटले तेव्हा फक्त म्हणाले, "हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?" सुभेदारांनी तीनदा सांगितलं होतं. त्यांनी फक्त सलाम ठोकला.

पानाची आई त्याच खाटेवर, त्याच खिडकीशी राहिली. पाना येऊन सांगून गेला, आणि पहिल्यांदाच जरा ढिला सलाम करून गेला.

पण सुभेदारांना झोप येईना. आत नेमकं काय बोलणं झालं? कोणतं वाक्य लागलं? शाळेचं, आजाराचं, की त्या झाकणाचा काही संबंध होता? सामान बांधताना त्यांनी बायकोला विचारलं. मग जेवताना विचारलं. मग ट्रकवर मशिन चढवताना, दोरी आवळता आवळता, पुन्हा एकदा विचारलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"अगं, का पण? झालं गेलं ना सगळं?"

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही ते दुरुस्त कराल," ती म्हणाली, आणि मशिनखाली घडी करून गोधडी सरकवायला लागली.